कुंदामावशीचा गुडघा

डॉ. मृणाल धारपांनी पाटीवर सतरा लिहिले आणि कुंदामावशीचा उजवा गुडघा हलला. फार नाही. दूध उतू जायच्या आधी कडेकडेनं थरथरतं, तेवढाच.

"आता हा बघा," म्हणत धारपबाईंनी सतरा पुसले आणि चार हजार तीनशे बारा लिहिले. गुडघा असा उसळला की मांडीवरचा दशम्यांचा डबा पडता पडता राहिला.

"बघितलंत ना?" कुंदामावशी म्हणाली. "खोटं नव्हते सांगत. दहावीला तीनदा गणितात गेले, ते काय हौसेनं?"

धारपबाई खूश झाल्या. कुंदामावशीच्या कपाळाला त्यांनी मेंदूलेखक नावाची पट्टी बांधली होती. डोक्यात काय चाललंय ते ती पट्टी त्यांच्या हातातल्या पडद्यावर रेघ ओढून दाखवायची. आत्ता त्या रेघेला दोन टेकाडं आली होती, एक लहान, एक मोठं.

"अस्सल संख्याभय," त्या म्हणाल्या. "गेल्या सहा वर्षांत असं बघायलाच मिळालं नव्हतं. वर गेलो की प्रमाणपत्र देते, मावशी. तुमचा अर्ज आता कुणी अडवणार नाही."

हे सगळं बदकाच्या आवाजात चाललं होतं, हे सांगायला हवं. कारण ही मंडळी होती जलगृह तीनमध्ये, देवगडच्या समुद्रात नव्वद मीटर खोल. एवढ्या दाबाखाली श्वास घ्यायचा तर हवेत हेलियम मिसळावा लागतो, आणि हेलियमनं आवाज चिरकतो. तिथे कुणी मरणाची बातमी दिली तरी ऐकणाऱ्याला आधी हसू येतं.

सात शास्त्रज्ञ, एक वायुभारनियंत्रक आणि एक स्वयंपाकीण, अशी नऊ माणसं. चाळीस दिवस समुद्राचा तळ उकरून झाला होता आणि आज परत जायचं होतं. पण तळातून थेट वर येता येत नाही. इतके दिवस दाबाखाली राहिलं की रक्तात आणि सांध्यांत वायू मुरतो, सोड्याच्या बाटलीत मुरवतात तसा. दाब एकदम काढला तर बाटली उघडल्यावर जे होतं, तेच माणसाचं होतं. म्हणून सगळ्यांनी उतारकोठीत बसायचं. ही एक पोलादी खोली. दार बंद करायचं आणि आतला दाब सावकाश, अगदी सावकाश उतरवायचा. भिंतीवरच्या तबकडीचा काटा नव्वदावरून शून्यावर आला की वरच्या जहाजातून पाळणा येणार आणि मंडळी आपापल्या घरी.

कुंदा आरोलकर ही तिथली स्वयंपाकीण. वय पन्नाशीच्या अलीकडे, गाव आचरा. हाताला अशी चव की कडू जहर शास्त्रज्ञसुद्धा ताट चाटून पुसून देई. तिच्या आयुष्यात एकच सल होता. अंकाभय लस.

सहा वर्षांपूर्वी ही लस निघाली. गणिताची भीती ही मेंदूतल्या एका ठिकाणी बसलेली असते, ते ठिकाण शांत केलं की माणूस आकड्यांना घाबरत नाही, असा तो शोध. ज्यांनी लावला त्यांच्यात धारपबाई होत्या. अकरा कोटी लोकांनी लस घेतली. दहावीचा गणिताचा निकाल शंभर टक्के लागायला लागला. पोरं अकरा आकडी गुणाकार शेंगदाणे खात करायची. कुंदामावशीची मुलगी ज्योत्स्ना, तीही त्यांतलीच. आईचा गुडघा हलायला लागला की ती हसायची, आणि ते हसू मावशीला सुरीसारखं लागायचं. मावशीनं दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा उत्तर आलं: लस ज्यांचा संख्यांशी संबंध येतो त्यांनाच मिळेल, स्वयंपाकाचा संख्यांशी संबंध नाही. वर शेरा: 'संख्याबाह्य कर्मचारी'.

"झालं का तुमचं, मॅडम?" इक्बाल मुल्लानं विचारलं. हा जैतापूरचा, वायुभारनियंत्रक, दातांची फट दाखवत हसणारा. "दार लावतोय."

दार लागलं. मोठ्या पडद्यावर वरच्या जहाजाचा निरोप उमटला. 'उतार: ९६.'

बस, एवढाच. पुढे काही नाही. एककमुक्ती झाल्यापासून पुढे काही लिहायचं नसतं. पूर्वी परीक्षेत उत्तर बरोबर आलं तरी पुढे लिटर की किलो की तास लिहिलं नाही म्हणून अर्धा मार्क जायचा. पालकांनी मोर्चे काढले, मग वरून परिपत्रक आलं की यापुढे नुसता आकडा लिहावा, एकक लिहू नये. यंत्रं मात्र जुनी, ती विचारायचीच. त्यासाठी परिपत्रकात एक ओळ घातली होती: 'यंत्राने एकक विचारल्यास मधले निवडावे. अतिरेक टाळावा.'

यंत्रानं विचारलं. सेकंद, मिनिट, तास.

इक्बालनं मधलं दाबलं.

'उतार: ९६ मिनिटे. सुरू.'

कुंदामावशीचा उजवा गुडघा हलायला लागला, त्यात नवल नव्हतं. पण मग डावाही हलला. इतक्या वर्षांत तो कधी हलला नव्हता. मागोमाग तळवे ओले झाले, कानशिलं तापली, आणि दशम्यांचा डबा झाकणासकट खुळखुळायला लागला.

"बाई," ती म्हणाली, "हे बरोबर नाही."

धारपबाईंनी हातातल्या पडद्याकडे बघितलं. मेंदूलेखकाची रेघ वरच्या कडेतून बाहेर गेली होती. त्यांनी पट्टीवर टिचकी मारली. "तार हलली असेल."

"तार नाही, मी हलतेय."

पलीकडे जलगृहप्रमुख पुष्कराज दाभोळे बसले होते. हा माणूस नियमाचा इतका पक्का की चहात साखर घालायची तरी परिपत्रक बघून घालील. मागच्या मोहिमेतही, म्हणजे एककमुक्तीच्या आधी, प्रमुख तेच होते आणि स्वयंपाकाला कुंदामावशीच होती. म्हणून तिनं त्यांना हाक मारली.

"दाभोळेसाहेब, मागच्या वेळी आपण इथे चार दिवस बसलो होतो. आठवतं ना?"

"आठवतं की. चार दिवस. निरोपातला आकडा शहाण्णव होता. आजही शहाण्णवच आहे. तंतोतंत."

"पण आज शहाण्णव मिनिटं म्हणतंय."

"बरं मग?"

"म्हणजे जेवणाच्या वेळेपर्यंत आपण वर."

दाभोळ्यांनी थोडा विचार केला. "असं बघा मावशी, तुमचा या विषयाशी संबंध नाही म्हणून सोपं करून सांगतो. मागच्या वेळी लागले चार. या वेळी लागताहेत शहाण्णव. चार लहान, शहाण्णव मोठा. म्हणजे या वेळी आपण उलट जास्तच सावकाश चाललोय."

बाकीच्या शास्त्रज्ञांनी माना डोलावल्या. एकानं ते वहीत लिहून घेतलं.

कुंदामावशीनं तबकडीकडे बघितलं. काटा सत्त्याऐंशीवर होता. मागच्या वेळी तो चाललाय की नाही हे कळायला डोळे फाडून बघावं लागायचं, देवळाच्या सावलीसारखा सरकायचा. आज तो चालताना दिसत होता.

"आणि तुम्ही एवढं जेवण का आणलंत?" इक्बालनं विचारलं. तिच्या पायाशी दोन पिशव्या होत्या. दशम्या, लसणीची चटणी, सुकी भाजी, आणि चिवड्याचे वीस पुडे, दमट होऊ नयेत म्हणून खाली स्वयंपाकघरात बसून तिनं स्वतः चिकटवलेले.

"चार दिवसांचं आणलंय, बाबा."

"शहाण्णवला पुरेल का?" इक्बालनं अगदी मनापासून विचारलं.

तेवढ्यात तिचं लक्ष पुड्यांकडे गेलं. पुडे फुगले होते. पिशवीत ते सैलसर भरले होते, आता टम्म होऊन एकमेकांना ढकलत होते. मागच्या वेळीही फुगले होते. आतली हवा तळाच्या दाबाची, बाहेरचा दाब उतरतो तशी ती पसरते. पण मागच्या वेळी सकाळी दार लागलं होतं आणि पार संध्याकाळी पहिला पुडा फुटला होता. आत्ता तर दार लावून चहा उकळेल एवढाही वेळ झाला नव्हता.

"साहेब, हे बघा, पुडे—"

फट्.

चिवडा दाभोळ्यांच्या डोक्यावर पडला. एक शेंगदाणा चष्म्यावर बसला.

"मावशी," ते शांतपणे म्हणाले, "पुढच्या वेळी पाकिटं चांगल्या प्रतीची घ्या."

फट्. फट्. काटा ब्याऐंशीवर आला. कुंदामावशी उठून उभी राहिली. तिचे दोन्ही पाय असे हलत होते की जागेवरच पळतेय असं वाटावं.

"अहो, पुड्याचं हे झालं ते तुमच्या सांध्यांचं होणार आहे. सोड्याच्या बाटल्या आहोत आपण. कुणीतरी ते थांबवा."

हे ती जीव तोडून सांगत होती, पण बदकाच्या आवाजात. दोन शास्त्रज्ञ हसले.

धारपबाई हसल्या नाहीत. त्या हातातल्या पडद्याकडे बघत होत्या. मग त्यांनी मागची टेकाडं काढून बघितली. सतराचं टेकाड लहान. चार हजारांचं मोठं. आणि शहाण्णव मिनिटांचं पडद्यात मावत नव्हतं.

"सर," त्या दाभोळ्यांना म्हणाल्या, "यांची भीती सगळ्या आकड्यांना सारखी नाहीय. लहानाला लहान आहे, मोठ्याला मोठी आहे. पण शहाण्णव तर चार हजारांपेक्षा लहान."

"मग चुकतंय तुमचं यंत्र."

"किंवा यांचा मेंदू आकडा बघत नसेल. त्या आकड्यानं पुढे काय होणार ते बघत असेल." त्यांनी पडदा बाजूला ठेवला. "सर, शहाण्णव मिनिटं म्हणजे किती सेकंद?"

"पाच हजार सातशे साठ." उत्तर आलं तेव्हा प्रश्न पुरता संपलाही नव्हता.

"आणि शहाण्णव तास?"

"तीन लाख पंचेचाळीस हजार सहाशे."

"किती फरक?"

"साठपट."

"साठपट म्हटल्यावर पोटात काही होतं तुमच्या?"

"पोटात?" दाभोळ्यांनी पोटाकडे बघितलं. "पोटात कशाला होईल?"

"मलाही काही होत नाही," धारपबाई म्हणाल्या. "तेच सांगतेय. लसीच्या आधी व्हायचं. मला आठवतंय की व्हायचं. कुणी कोटी म्हटलं की इथे काहीतरी जड पडायचं. आम्ही समजलो ती भीती. आम्ही ती वायर कापली. पण सर, त्या एकाच वायरीतून दोन गोष्टी जात असतील तर? भीती, आणि आकड्याचं वजन. आपल्याला हिशोब येतो, लहान मोठं कळतं. किती मोठं, ते कळत नाही. दगडावर किलो लिहिलेले वाचता येतात आपल्याला, उचलून बघायचा हातच गेलाय."

 काटा टिक टिक करत होता. एकोणऐंशी.

"म्हणजे तुम्हाला हा वेग चुकीचा वाटतोय?" दाभोळ्यांनी विचारलं.

"नाही. मला अजिबात चुकीचा वाटत नाहीय. मला तो छान वाटतोय." धारपबाईंचा आवाज आणखी चिरकला. "म्हणूनच मला यांच्या गुडघ्यावर विश्वास ठेवावा लागेल. या खोलीत शाबूत मेंदू तेवढा एकच आहे."

"आई गं," इक्बाल म्हणाला.

सगळ्यांनी वळून बघितलं. त्यानं डावं कोपर धरलं होतं. "काही नाही. जरा सणक आली. आतून कुणी सुई फिरवतंय असं वाटतंय."

कुंदामावशी त्याच्याजवळ गेली. कोपराला हात लावला तर तो ओरडला. आपण काय करणार, हा विचार तिच्या मनात आलाच नाही. तिच्या मनात आलं, की वर गेल्यावर ज्योत्स्नाला फोन करायचा होता, आणि तो आपण करणार नाही.

"साहेब, त्याला सांगा तास दाबायला. पाया पडते."

"मावशी, तास हा टोकाचा पर्याय आहे. अतिरेक. नियमात बसत नाही." दाभोळे उठले. त्यांनी चष्म्यावरचा शेंगदाणा काढून खिशात ठेवला. "तरीही विषय आलाच आहे तर मत घेऊ. नियमाला अपवाद करावा असं कुणाला वाटतं?"

कुंदामावशीचा हात वर गेला. धारपबाईंचा गेला. इक्बालचा उजवा हात कोपर धरण्यात गुंतला होता आणि डावा वर जात नव्हता.

"दोन. विरोधात सात. फरक पाच. ठराव नामंजूर." दाभोळे बसले. "पाहिजे तर वरच्या समितीला विचारतो. उत्तर एकमध्ये येतं."

"एक काय?" मावशीनं विचारलं. "एक मिनिट, की एक महिना?"

दाभोळ्यांनी इतरांकडे बघितलं. इतरांनी त्यांच्याकडे बघितलं. "एक," ते म्हणाले.

पंचाहत्तर. आता आणखी एका शास्त्रज्ञानं गुडघा चोळायला सुरुवात केली. कुंदामावशीला एक गोष्ट स्वच्छ कळली. या माणसांना साठपट सांगून उपयोग नाही, मरण सांगून उपयोग नाही. यांना घाबरवणारी एकच चीज जगात उरली आहे, आणि ती तिला माहीत होती. चाळीस दिवस ती यांना वाढत आली होती.

ती इक्बालच्या पडद्यापाशी गेली. हा पडदा तिच्या ओळखीचा होता. स्वयंपाकघरातलं शिजवणयंत्र याच जातीचं. भात लावायचा तर मिनिट. पण मुगाला मोड आणायचे असले की ती दिवस लावायची. आणि दिवस कुठे असतो? पहिल्या तिघांत नसतो. खाली कोपऱ्यात मुंगीएवढा बाण असतो, तो दाबावा लागतो.

बाण इथेही होता.

"इक्बाल, मधला पर्याय म्हणजे कशातला मधला?"

"तिघांतला."

"तीनच आहेत हे कशावरून? यादी पुरी उघडलीस?"

इक्बालनं बाण बघितला. मग दाभोळ्यांकडे बघितलं.

"साहेब," मावशी वळली आणि आवाज होता होईल तो थंड ठेवून म्हणाली, "मला आकड्यातलं कळत नाही. पण तुमच्या परिपत्रकात अर्ध्या यादीतला मधला घ्या असं कुठे लिहिलंय का? नसेल तर आपण नियम मोडून बसलोय. वर गेल्यावर कुणी विचारलं तर?"

दाभोळ्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. चिवडा डोक्यावर पडला तेव्हा झाला नव्हता, इक्बालचं कोपर बघून झाला नव्हता.

"यादी उघडा," ते म्हणाले. "आधी यादी उघडा."

इक्बालनं बाण दाबला. सेकंद, मिनिट, तास, दिवस, आठवडा.

"मधला शोधा. पद्धतशीर."

इक्बालनं एक बोट सेकंदावर ठेवलं आणि दुखऱ्या हाताचं दुसरं बोट आठवड्यावर. दोन्ही बोटं एक एक घर आत आणली. मिनिट आणि दिवस. मावशीनं श्वास धरला होता, हेलियम तर हेलियम. बोटं आणखी एक घर आत आली आणि एकमेकांना भेटली.

तास.

यंत्रानं एक लांब शिटी मारली. आधीचा उतार अतिवेगाचा होता हे त्याला आता उमगलं, त्यानं कोठीत दाब परत भरायला घेतला. काटा थबकला, मग उलटा फिरला. ऐंशी. पंच्याऐंशी. इक्बालचं कोपर सुटलं आणि तो खाली बसून रडायला लागला, चिरक्या आवाजात, आणि या वेळी कुणी हसलं नाही.

मावशीचे गुडघे थांबले. आधी डावा, मग उजवा. तिनं डबा उघडला.

"दशमी घ्या. आणि पुरवून खा. चार दिवस आहेत."

तिसऱ्या दिवशी, सांडलेला चिवडाही संपल्यावर, धारपबाई तिच्याशेजारी येऊन बसल्या. 

"मावशी, मी लसीचाच विचार करतेय. आम्हाला फक्त भीती कमी करायची होती. वजनाची जाणीव राहायला हवी होती. प्रयोगात ती राहिली होती. मग लोकांत का गेली?"

"लस किती देता?"

"पाच."

"पाच काय?"

 डब्याचं झाकण धारपबाईंच्या हातात होतं, ते त्यांनी उलटं सुलटं केलं.

"प्रयोगात मायक्रोग्रॅम होते," त्या हळूच म्हणाल्या. "मग एककमुक्ती झाली. कागदावर पाच राहिले. डोसयंत्रानं विचारलं असेल. मायक्रोग्रॅम, मिलिग्रॅम, ग्रॅम."

"आणि कुणीतरी मधलं दाबलं."

"मी दाबलं," धारपबाई म्हणाल्या. "पहिली लस आम्ही स्वतःलाच टोचून घेतली. आणि नंतर आम्हाला काहीच चुकीचं वाटलं नाही. हजारपट, मावशी. हजारपट म्हणजे... थोडं जास्तच झालं, नाही का?"

मावशीचा गुडघा हलला. "मला हजार नका सांगू. खसखशीत सांगा."

खसखशीच्या एका दाण्याचं वजन धारपबाईंना तोंडपाठ होतं. त्यांनी मनात हिशोब केला. "द्यायचं होतं ते म्हणजे एका दाण्याचे साठ तुकडे करायचे, त्यातला एक तुकडा. दिलं ते सोळासतरा दाणे."

"अकरा कोटी माणसांना."

"अकरा कोटी," धारपबाई म्हणाल्या, अगदी कोरड्या चेहऱ्यानं, आणि मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आकड्यानं नव्हे, मावशीचा पाय बघून. "वर गेल्यावर पहिलं काम हेच. दुरुस्ती करून घेते. आणि तुम्हाला लस देईन ती योग्य मात्रेचीच. भीती जाईल, वजन राहील. शब्द देते."

त्या शब्दावर कुंदामावशीनं विश्वास ठेवला. तिलाही सुटका हवी होती. सगळ्या आयुष्यात तिला पहिल्यांदा आपला गुडघा आवडला होता, पण बाजारात भाव विचारायचा आणि टोपली हलायची, हे किती दिवस चालणार? भीती तेवढी गेली आणि शहाणपण राहिलं तर सोन्याहून पिवळं. ज्योत्स्नासमोर एकदा ताठ उभं राहायचं होतं.

वर आल्यावर धारपबाईंनी खरोखरच अहवाल लिहिला. रात्रंदिवस खपून, काही न लपवता, स्वतःची चूक पहिल्या ओळीत घालून. तो समितीपुढे गेला. अकरा कोटी हा आकडा समितीनं वाचला, बरोबर आहे ना हे तपासलं, आणि ती पुढच्या मुद्द्याकडे वळली. पण दाभोळ्यांची साक्ष मात्र सगळ्यांनी कान देऊन ऐकली. अर्ध्या यादीतून मधला पर्याय निवडणं हा घोर नियमभंग होता, तो उघडकीला आणून एका स्वयंपाकिणीनं नऊ जीव वाचवले, असं ते म्हणाले, आणि सांगताना त्यांनी चष्मा काढून पुसला.

पंधरा दिवसांत परिपत्रक निघालं. 'यापुढे कोणतेही एकक निवडण्यापूर्वी संपूर्ण यादी उघडावी आणि त्यातील मधले निवडावे. ही पद्धत आरोलकर पद्धत म्हणून ओळखली जाईल.' सगळ्या यंत्रांना लागू. सोबत दुसरं पत्र: विशेष बाब म्हणून श्रीमती कुंदा आरोलकर यांचा अर्ज मंजूर.

लसकेंद्रात तिच्यासाठी हार आणला होता. दाभोळे आले होते, इक्बाल आला होता, ज्योत्स्ना नवीन साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती, आणि आज ती हसत नव्हती, आईकडे अभिमानानं बघत होती. धारपबाईंनी मावशीचा दंड स्वतः पुसला.

"दुरुस्ती झाली?" मावशीनं कानात विचारलं.

"झाली. तुमची पद्धत लावलीय. नवीन मात्रेची पहिली लस तुम्हालाच. परवापासून सगळ्या राज्यात, उरलेल्यांना आणि आधीच्यांनाही पुन्हा एकदा."

परिचारिकेनं डोसयंत्रात पाच टाकले. यंत्रानं विचारलं. मायक्रोग्रॅम, मिलिग्रॅम, ग्रॅम. तिनं शिकवल्याप्रमाणे कोपऱ्यातला बाण दाबला. यादी उघडली.

मायक्रोग्रॅम. मिलिग्रॅम. ग्रॅम. किलो. क्विंटल.

परिचारिकेनं एक बोट वर ठेवलं, एक खाली. मिलिग्रॅम आणि किलो. बोटं एकमेकांना भेटली.

पाच ग्रॅम म्हणजे किती हे कुंदामावशीला कुणी सांगायची गरज नव्हती. चहात साखर घालायचा चमचा, सपाट भरून. यंत्र घरघरलं. नळीतून पांढरी भुकटी खाली येत राहिली, येत राहिली, तिच्यात पाणी मिसळलं आणि सुई लावलेली नळी बाहेर आली ती म्हशीला टोचायच्या नळीएवढी.

उजवा गुडघा हलला. डावा हलला. मग खुर्ची हलायला लागली, खुर्चीखालच्या फरशीवर पाय वाजायला लागले, गळ्यातल्या हाराची फुलं गळायला लागली.

"बाई," ती ओरडली, आता आवाज बदकाचा नव्हता, चांगला माणसाचा होता, "बाई, बघा तरी ते केवढं आहे."

धारपबाईंनी नळीकडे बघितलं. नीट, निरखून, मनापासून बघितलं. "पाच," त्या म्हणाल्या.

"अगो पोरी, खाली अजून एखादा बाण असेल. बघ ना."

"नाही, मावशी. यादी पुरी उघडलीय." परिचारिका गोड हसली. "तुमचीच तर पद्धत."

दाभोळे आणि इक्बाल पुढे झाले आणि त्यांनी मायेनं तिचा एक एक गुडघा धरला. ज्योत्स्नानं तिचा हात हातात घेतला.

"किती घाबरतेस, आई," ती म्हणाली. "आता एवढंच. परत कधी म्हणून हलायचा नाही."